बोगद्यातला नाद : एका साधकाची इच्छा आणि गरज

ज्येष्ठ नागरिकांचं समुपदेशन करायला लागून मला आता अकरा वर्षं झाली. मुलुंडमध्ये बसते. लोक येतात ते झोपेच्या तक्रारी घेऊन, सुनेशी पटत नाही म्हणून, जोडीदार गेल्यावर घर खायला उठतं म्हणून. "मला अनाहत नाद ऐकायचा आहे, माझं मन त्याच्या आड येतंय, ते बाजूला कसं करायचं सांगा," असं म्हणत आलेले मात्र हे एकटेच काका. अनाहत नाद म्हणजे कशावरही आघात न होता, ध्यानात आतून ऐकू येतो असं मानलेला ध्वनी.

त्यांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. नाव, ऑफिस आणि ज्या संस्थेच्या शिबिरांना ते जात होते तिचं नाव वगळलं आहे. मसुदा त्यांनी वाचला आणि पेन्सिलीने एक दुरुस्ती केली. मी "काका टाळ वाजवत" असं लिहिलं होतं. त्यांनी "वाजवत" खोडून "धरत" केलं.

आले तेव्हा

पहिला फोन मुलाचा होता, जानेवारी २०२४ मध्ये. "मॅडम, बाबांनी एफडी मोडली. विचारलं तर म्हणतात, पैसा इथेच राहणार आहे." लोणावळ्याच्या एका शिबिराची पहिली पायरी ८,५०० रुपयांना झाली होती, दुसरी २४,००० ला. तिसऱ्या पायरीला, जिला तिथे दीक्षा म्हणत, १,१०,००० रुपये लागणार होते आणि त्यातले २५,००० भरून झाले होते. ते परत मिळणार नव्हते.

काका एकसष्ट वर्षांचे. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीतून ३१ मे २०२० रोजी निवृत्त झाले. तारीख मुद्दाम देते आहे. मार्चच्या शेवटी लोकल बंद झाली होती आणि १५ जूनला ती सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. म्हणजे चोवीस वर्षं डोंबिवलीहून रोज केलेल्या प्रवासाला शेवटचा दिवस असा मिळालाच नाही. निरोप समारंभ मोबाईलच्या पडद्यावर झाला, श्रीफळ आणि शाल चार महिन्यांनी कुरिअरने आली. २०२१ च्या दिवाळीनंतर डोंबिवलीची जागा विकून ते आणि काकू मुलुंडला मुलाकडे राहायला आले.

काकू पहिल्या भेटीला सोबत होत्या. त्या एकच वाक्य बोलल्या, "घरात असतात, पण असून नसल्यासारखे." पहाटे साडेतीनला उठून काका हॉलचं दार लावून घेत, दोन्ही कानांत कापूस घालून बसत. नात सात वाजता शाळेच्या तयारीला लागली, की तिच्या आवाजाने ध्यान मोडतं म्हणून चिडत. पूर्वी तिच्या वेण्या तेच घालून देत, हे मला बरंच नंतर कळलं.

पहिल्या भेटीतली दोन वाक्यं मी वहीत अधोरेखित करून ठेवली होती. एक असं, "रात्री डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते. शिबिरात सांगितलं की हीच सुरुवात आहे, तिसऱ्या पायरीवर ती उजवीकडे येईल." नाद उजव्या कानात ऐकावा असं हठयोगप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात खरंच म्हटलं आहे. नाद कसकसा उमटतो त्याचं वर्णनही तिथे आहे : आधी समुद्राच्या, मेघांच्या गर्जनेसारखा, मग मर्दल (मृदंगासारखं वाद्य), शंख, घंटा यांच्यासारखा, शेवटी बासरी, वीणा आणि भुंग्यासारखा. काकांनी ही यादी पाठ केली होती आणि आपण भुंग्याच्या जवळपास पोचलो आहोत अशी त्यांची खात्री होती.

दुसरं वाक्य इगतपुरीचं. २०२२ च्या पावसाळ्यात ते धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आले होते. तिथे फी नसते, आधीच्या साधकांच्या दानावर सगळं चालतं. बोलायचं नाही, खाणाखुणाही करायच्या नाहीत, आणि हे मौन सुटतं दहाव्या दिवशी. काका म्हणाले, "नऊ दिवस नीट बसलो. दहाव्या दिवशी जेवणाच्या रांगेत शेजारच्याने विचारलं, 'कुठले तुम्ही?' आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे सगळं वायाच गेलं. मौनात रमलोच नाही मी."

हे त्यांनी अपयश म्हणून सांगितलं. मला त्यात काहीतरी वेगळं ऐकू आलं, पण नेमकं काय ते तेव्हा सांगता आलं नसतं.

कान

शिट्टीचं ऐकल्यावर मी बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवलं. आवाज एकाच कानात येत असेल तर तपासणी टाळून चालत नाही, हे या कामात असलेल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, झाली. दोन्ही कानांना वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येत होते, डाव्याला जास्त. ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना हे पाहायला एमआरआय झाला, तो सुदैवाने स्वच्छ आला. निदान होतं कर्णनाद, म्हणजे टिनिटस. कानाकडून येणारा आवाज कमी झाला की मेंदू आपल्या बाजूने तो वाढवून पाहतो आणि त्यातून ही शिट्टी ऐकू येते, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. त्यांनी विचारलं, "गोंगाटात फार वर्षं काढलीत का?" काकांनी उत्तर दिलं, "चोवीस वर्षं लोकलमध्ये टाळांच्या मधोमध बसलो."

शिट्टीचा खुलासा झाल्यावर ते कोसळतील अशी मला भीती होती. ते फक्त एवढंच म्हणाले, "म्हणजे तो नाद नव्हता." आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

याचा मला संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. ज्या माणसाच्या एका कानात आवाज येतो त्याला दवाखान्यात पाठवायचं सोडून पुढच्या पायरीची पावती फाडणं हा माझ्या मते अपराध आहे. श्रद्धेचा प्रश्न इथे येतच नाही. ती गाठ असती तर?

श्रवणयंत्र बसलं. पण दीक्षेचा हट्ट कायम राहिला. काकांचं म्हणणं होतं, की आता तर खरा नाद ऐकायलाच हवा, कारण खोटा कळला.

माझी चूक

तिसऱ्या भेटीपर्यंत मला डोंबिवलीच्या लोकलमधल्या भजनी मंडळाबद्दल थोडंफार कळलं होतं. चौदा माणसं, सव्वाआठची फास्ट, ठरलेला डबा. एक बुवा, एक पखवाज, बाकीचे टाळकरी. दसऱ्याला डबा झेंडूने सजवायचा, मोटरमनला पेढे द्यायचे. पखवाज वाजवणारा मित्र एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेला, हेही कळलं होतं. मी दोन आणि दोन चार केले आणि त्यांना सांगून टाकलं, "काका, तुम्हाला नाद नकोय. तुम्हाला मित्र हवाय."

ते उठले, हात जोडले आणि निघून गेले. तीन आठवडे आले नाहीत.

मी जे बोलले ते फारसं चुकीचं नव्हतं, आणि तरीही ते बोलणं पूर्ण चुकीचं होतं. माणसाची गरज त्याच्या वतीने दुसऱ्याने जाहीर केली की ती आरोपासारखी लागते. काकांना त्यातून एवढंच ऐकू आलं, की तुमची साधना हे ढोंग आहे. अध्यात्माच्या वाटेवर निघालेल्या माणसाला 'तुझं खरं दुखणं वेगळंच आहे' असं म्हणणं सोपं असतं, आणि आम्हा समुपदेशकांना ते फार लवकर सुचतं. जॉन वेलवूड या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की काही जण मनातली न मिटलेली दुखणी ओलांडून जाण्यासाठी अध्यात्माचा आडरस्ता धरतात. हे खरं आहे. पण ते एकदा शिकलं की सगळीकडे आडरस्ताच दिसायला लागतो, आणि तसंच माझं झालं. मी काकूंना फोन करून काकांसाठी निरोप ठेवला, की माझं चुकलं, मी घाई केली. चौथ्या आठवड्यात ते आले.

साडेआठ

त्या दिवशी मी फक्त एक प्रश्न विचारायचं ठरवलं होतं. "समजा, तो नाद तुम्हाला मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता तुम्ही काय करत असाल?"

साडेआठ ही वेळ मी सहज घेतली होती. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "साडेआठला आमची गाडी बोगद्यात असायची."

पारसिकचा बोगदा १९१६ सालचा, सव्वा किलोमीटरहून थोडा लांब. दिवा मागे पडलं की फास्ट गाडी त्यात शिरायची आणि कळव्याच्या बाजूला बाहेर पडायची. मिनिटभराचं काम. काका सांगत होते ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं : "आत शिरलं की आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. टाळ, पखवाज, चाकं, माणसं, सगळं एक व्हायचं. कोण गातंय कळायचं नाही. माझ्या हातातला टाळ मलाच वेगळा ऐकू यायचा नाही. मी धरलाय का नाही तेही कळायचं नाही. मग उजेड यायचा आणि ठाण्याला उतरणारे उठायचे."

अनाहत म्हणजे आघात न करता उमटलेला. तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर या संगीतावरच्या ग्रंथात नादाचे आहत आणि अनाहत असे दोन प्रकार सांगितले आहेत. हाताने, श्वासाने, आघाताने होतो तो आहत. काका ज्याला अनाहत म्हणत होते तो त्यांनी आहतातच अनुभवला होता : चौदा माणसांच्या आघातांचा असा गजर, की त्यातला आपला आघात कुठला हे कळेनासं व्हावं. वर्षाला अडीचशे वेळा म्हटलं तरी चोवीस वर्षांत किती वेळा झालं असेल ते! ही ओढ त्यांना कुठल्या शिबिराने लावली नव्हती. शिबिराने फक्त तिला एक नाव दिलं आणि त्या नावाची किंमत लावली.

मी विचारलं, "बोगद्यात पखवाज कसा वाजायचा?" त्यांनी माझ्या टेबलावर बोटांनी भजनी ठेका धरला. दोन आवर्तनं सरळ गेली. तिसऱ्यात हात मध्येच थांबला. "इथे तो एक थाप सोडायचा," ते म्हणाले. "मुद्दाम. सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघायचे आणि मग तो समेवर यायचा." हात टेबलाच्या वर तसाच राहिला.

मग ते कणकेबद्दल बोलले. पखवाजाच्या डाव्या बाजूला भिजवलेल्या कणकेचा लेप लागतो, त्याशिवाय खर्ज लागत नाही. मित्राची बायको सकाळी डब्याच्या पोळ्या करताना लिंबाएवढा गोळा वेगळा काढून लहान स्टीलच्या डबीत घालून देई. गाडीत बसलं की आधी डबी उघडायची, मग लेप, मग गजर. भायखळा गेलं की तोच गोळा खरवडून परत डबीत. "तो गेला तेव्हा मी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं," काका म्हणाले. "एवढंच केलं. तेव्हा कुणी कुठे जाऊ शकत नव्हतं. पण नंतर जाऊ शकत होतो. गेलो नाही."

मी काही बोलले नाही. जाताना दाराशी तेच म्हणाले, "मला त्याच्या घरी जायला हवं."

इच्छेचा हट्ट

मी ज्या कसोट्या वापरते त्यातली सगळ्यात उपयोगी मला मॅनफ्रेड मॅक्स-नीफ या चिलीच्या अर्थशास्त्रज्ञाकडून मिळाली. माणसाच्या मूळ गरजा थोड्या असतात आणि सगळीकडे त्याच असतात. त्यांनी नऊ सांगितल्या आहेत. आपुलकी, सहभाग, ओळख, समजून घेणं या त्यातल्याच. बदलतात ती त्या भागवण्याची साधनं. शिवाय काही साधनं गरज भागल्याचा नुसता आभास देतात.

प्रत्यक्षात मी हे असं ओळखते : गरजेला पर्याय चालतात, इच्छा एकाच रूपावर अडून बसते. हेच शिबिर, हीच पायरी, याच गुरूंकडून. गरज भागली की माणूस शांत होतो आणि काही काळ तिचं नाव काढत नाही. जी इच्छा पुरी होताक्षणी पुढची पायरी मागते तिच्याबद्दल सावध व्हावं. काकांनी आयोजकांना फोन करून विचारलं होतं, "तिसऱ्या पायरीवर नाद ऐकू आला, की पुढे काय?" पलीकडून उत्तर आलं, चौथी पायरी. हे मला सांगताना ते स्वतःच थांबले.

पण इच्छेला खोटं ठरवायला मी तयार नाही. काकांची नादाची इच्छा नसती तर आम्ही बोगद्यापर्यंत पोचलोच नसतो. पाकिटावरचा पत्ता चुकीचा असला तरी आत पत्र खरं होतं.

एक अडचण मात्र राहिली होती आणि ती काकांनीच मांडली. "ताई," (मॅडमची ताई त्याच भेटीत झाली) "भजन, मित्र, हे सगळं प्रेय. मला श्रेय हवंय." ते अभ्यासू आहेत, कठोपनिषदातली ही विभागणी त्यांना पाठ होती. प्रिय वाटतं ते प्रेय, हिताचं ते श्रेय, आणि शहाणा श्रेय निवडतो. या विभागणीचा आधार घेऊन माणसाची साधी भूक हलकी ठरवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. नातीच्या वेण्या प्रेय, कानातला कापूस श्रेय!

मी त्यांना म्हटलं, की मग त्याच उपनिषदातल्या नचिकेताची, वडिलांनी रागाने यमाकडे धाडलेल्या मुलाची, गोष्ट पहिल्यापासून पाहू. यमाने त्याला तीन वर दिले. तिसऱ्या वराला नचिकेताने मृत्यूनंतरचं रहस्य विचारलं, तेव्हा यमाने पुत्र-पौत्र, हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य सगळं देऊ केलं आणि त्याने ते नाकारलं. हे सगळ्यांना आठवतं. पण पहिला वर काय मागितला त्याने? की माझ्या वडिलांचा राग शांत होऊ दे, त्यांचं मन निवांत असू दे, आणि मी परत गेलो की त्यांनी मला ओळखून जवळ घ्यावं. मृत्यूच्या दारात बसलेल्या मुलाने आधी घरचं नातं मागितलं. यमाने तो वर लगेच दिला, परीक्षा घेतली नाही, आमिष दाखवलं नाही. परीक्षा सुरू झाली ती तिसऱ्या वराला.

काका म्हणाले, "हे असं कधी वाचलं नव्हतं." मग थोड्या वेळाने, "म्हणजे माझा पहिलाच वर मागायचा राहिलाय."

गीतेच्या सातव्या अध्यायातही चार प्रकारचे भक्त सांगताना पहिलं नाव आर्ताचं येतं, जिज्ञासू आणि ज्ञानी त्याच्या मागून. आणि पुढे दोनच श्लोकांवर हे सगळेच उदार आहेत असं म्हटलं आहे. दुःखातून देवाकडे वळणाऱ्याला आपल्या परंपरेने कधी कमी लेखलं नाही. ते आपण आता करायला लागलो आहोत, 'खरा साधक' आणि 'भावनिक माणूस' अशी चाळणी लावून.

डोंबिवली

मार्चमध्ये काका आणि काकू मित्राच्या घरी गेले. त्याची बायको आधी रागावली. तीन वर्षं कुठे होतात, असं तिने विचारलं, आणि काकांनी काही सबब सांगितली नाही. मग तिने सांगितलं, की तो गेल्यानंतर कितीतरी दिवस कणीक मळली की तिचा हात आपोआप गोळा बाजूला काढायचा. मुलगी म्हणायची, आई, हे काय करतेस. पखवाज कपाटावर कापडात बांधून होता. काकांनी खाली काढला. वाद्या सैल पडल्या होत्या, आवाज येत नव्हता. ते पुसून परत ठेवला.

मंडळाबद्दल सगळं सुरळीत झालं असं नाही. आधी मुलुंडच्याच एका देवळात गुरुवारच्या भजनाला जाऊन पाहिलं. तिथे माईक, हार्मोनियम, समोर खुर्च्या. काकांना जमलं नाही. "इथे लोक ऐकायला बसतात," ते म्हणाले. मी आग्रह केला नाही. मग त्यांनी स्वतःच शोधून काढलं, की जुन्या चौदांपैकी पाच जण अजून सव्वाआठला चढतात, पखवाजाऐवजी एक तरुण मुलगा ढोलकी घेऊन येतो. आता मंगळवारी आणि शुक्रवारी काका मुलुंडहून पावणेसातला डाउन गाडीने डोंबिवलीला जातात. त्या वेळी उलट्या दिशेची गाडी रिकामी असते, खिडकी मिळते. तिथून मंडळासोबत सीएसएमटी आणि एकट्याने परत. जाण्यायेण्याच्या तिकिटात भागतं.

बोगदा मात्र आता नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी आणि सहावी मार्गिका सुरू झाल्यापासून फास्ट लोकल पारसिकच्या बाहेरून जातात, आत लांब पल्ल्याच्या गाड्या असतात. पहिल्या मंगळवारी काकांना हे माहीत होतं, तरी दिवा सुटल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. उजेड गेलाच नाही. "वाईट वाटलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "वाटलं. पण गजर थांबला नव्हता ना, म्हणून मग मीही म्हणायला लागलो."

माझ्या दृष्टीने प्रकरणाचा निकाल इथे लागला. इच्छेला बोगदा हवा होता, आणि तो आता कुणालाच मिळणार नाही. गरज त्याच्यावाचूनही भागायला लागली होती.

दीक्षेला ते गेले नाहीत. जाऊ नका असं मी कधी म्हटलं नाही, एक तुकडी पुढे ढकला एवढंच सुचवलं होतं. पंचवीस हजार गेले. मुलाने त्याबद्दल घरात अवाक्षर काढलं नाही, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

उरलेलं

इथे थांबले असते तर हे एका एकाकी निवृत्त माणसाचं प्रकरण झालं असतं. ऑगस्टमध्ये काका आले आणि म्हणाले, "ताई, बरं चाललंय. झोप लागते. नातीला आता वेणी नको, पोनी हवी, ती घालतो. पण तो प्रश्न गेलेला नाही."

मी विचारलं, कुठला.

"बोगद्यात मी नसायचो. मग कोण ऐकत होतं?"

हे ऐकून मला फार बरं वाटलं, आणि 'तुम्हाला मित्र हवाय' या माझ्या शेऱ्याची पुन्हा लाज वाटली. मित्र मिळाला, मंडळ मिळालं, शोक करून झाला, आणि तरीही काही उरलं. हे उरलेलं कुठल्याही मंडळाने भागणार नाही, कुठल्याही समुपदेशकाचं ते कामही नाही. आधीच्या भुका भागल्याशिवाय ते वेगळं ओळखू आलं नसतं. तोवर सगळं एकाच नावाखाली एकत्र मागितलं जात होतं : मित्रही, बोगदाही, गेलेलं ऑफिसही, आणि हेही.

काकांनी विचारलं, की याच्यासाठी कुठे जाऊ. मी त्यांना गिरगावातल्या खेतवाडीची आठवण दिली. विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज तिथल्या एका लहानशा माळ्यावर बसत. १९८१ मध्ये ते गेले तोवर देशोदेशीचे लोक तो जिना चढून नेमका हाच प्रश्न विचारायला येत, आणि अद्वैत सांगणाऱ्या त्या माळ्यावर भजनही नेमाने होई. पायऱ्या होत्या त्या फक्त जिन्याच्या. काका हसले. तिथे जाऊन काय करणार, आता कोण आहे, असं म्हणाले. पण एका शुक्रवारी सीएसएमटीहून परत न फिरता चालत गिरगावात जाऊन आले. बाहेरूनच, कुठला जिना ते न शोधता.

आमच्या ठरलेल्या भेटी सप्टेंबरमध्ये संपल्या. त्यानंतर ते एकदाच आले, हा मसुदा परत द्यायला. पहाटेचं बसणं सुरू आहे, पण साडेपाचला, वीस मिनिटं, आणि हॉलचं दार उघडं असतं. कापूस नाही. श्रवणयंत्र काढून डबीत ठेवतात, तेव्हा डाव्या कानात शिट्टी सुरू होते. मी विचारलं, तिचं काय करता?

"वाजू देतो," ते म्हणाले. "साडेसहाला नात येऊन ओरडते, ती मात्र यंत्राशिवाय ऐकू येते."

मग पेन्सिलीची खूण केलेलं पान उघडून त्यांनी माझ्यापुढे सरकवलं आणि "टाळ धरत" वर बोट ठेवलं.